जँगोमधून ईमेल पाठवणं आणि तपासणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) नव्याने शिकणारे आणि त्यावर रोज काम करणारे, दोघंही मेलच्या बाबतीत फिरून फिरून त्याच जागी अडखळतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फंक्शन आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. अंडरस्कोर मूळ नावात जिथे आहे तिथेच ठेवला आहे.

१. पहिला मेल पाठवायला कमीत कमी काय लागतं?

जँगो.कोर.मेल मधलं सेंड_मेल हे फंक्शन. त्याला क्रमाने चार गोष्टी द्यायच्या: विषय, मजकूर, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि ज्यांना पाठवायचं त्यांच्या पत्त्यांची यादी. पाठवणाऱ्याच्या जागी नन (पायथनमधलं 'काहीच नाही') दिलंत तर डीफॉल्ट_फ्रॉम_ईमेल हे सेटिंग वापरलं जातं. तेही भरलेलं नसेल तर 'वेबमास्टर ॲट लोकलहोस्ट' हा पत्ता लागतो, आणि असल्या पत्त्याच्या मेलला कुठलाही शहाणा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. म्हणून हे सेटिंग पहिल्याच दिवशी भरा.

चौथी गोष्ट यादीच हवी. पत्ता एकच असला तरी चौकटी कंसात टाका. नुसती स्ट्रिंग दिली की टाइपएरर येते, आणि ते बरंच आहे. नाहीतर पत्त्यातलं एकेक अक्षर एकेक माणूस समजलं गेलं असतं.

२. माझ्या लॅपटॉपवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. कोडमध्ये काय चुकलं?

बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर जँगो लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच संगणकाच्या, २५ नंबर पोर्टवर मेल सर्व्हर शोधतं. तुमच्या लॅपटॉपवर तो नाही, म्हणून नकार मिळतो.

मेल नेमका कुठे द्यायचा हे ईमेल_बॅकएंड हे सेटिंग ठरवतं. डेव्हलपमेंटमध्ये तो कन्सोलचा लावा. मेल कुठेही न जाता रनसर्व्हरच्या खिडकीत छापला जातो. फाइलचा बॅकएंडही आहे. त्याला ईमेल_फाइल_पाथ मध्ये फोल्डर दिलं की तिथे मेल साठत जातात. मी स्वतः मेलपिट वापरतो. हा एक छोटा खोटा मेल सर्व्हर आहे. १०२५ पोर्टवर तो मेल घेतो आणि ब्राउझरमध्ये ८०२५ वर इनबॉक्ससारखा दाखवतो. एचटीएमएल मेल डोळ्यांनी बघायचा असेल तर कन्सोल निरुपयोगी आहे, तिथे मेलपिटच हवा. जुन्या लेखांमध्ये पायथनच्याच एसएमटीपीडी मॉड्यूलने असा सर्व्हर चालवायला सांगितलेलं असतं, पण ते मॉड्यूल पायथन ३.१२ मध्ये काढून टाकलं आहे.

३. कन्सोलवर मराठी विषय गिचमिड दिसतो. मेलमध्येही तसाच जाणार का?

नाही. मेलच्या हेडरमध्ये मुळात साधी रोमन अक्षरंच चालत, म्हणून देवनागरी विषय गुंडाळून पाठवला जातो. ओळीच्या सुरुवातीला बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, 'यूटीएफ-८' आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसली तर सगळं ठीक आहे. वाचणाऱ्याचा मेल प्रोग्राम ती गुंडाळी सोडतो. टेस्टमध्ये मात्र सब्जेक्ट हा गुण मूळ मराठीतच मिळतो, त्यामुळे 'तुमची नोंदणी झाली' हे थेट तुलना करून तपासता येतं.

४. जीमेलच्या खात्यातून पाठवलं तर चालेल का?

शिकायला, किंवा दिवसाला दहा-वीस मेल जाणाऱ्या छोट्या साइटला चालेल. रोजचा पासवर्ड मात्र इथे चालत नाही. खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. गूगल तो चार-चार अक्षरांच्या गटांत दाखवतं. मधल्या मोकळ्या जागा काढून टाका, म्हणजे त्या धरायच्या की नाही या शंकेला जागाच राहत नाही.

दोन मर्यादा लक्षात घ्या. साध्या खात्याला दिवसाला ५०० मेलची मर्यादा आहे. आणि पाठवणारा म्हणून तुम्ही दुसराच पत्ता लिहिलात, तो त्या खात्यात उपपत्ता म्हणून जोडलेला नसेल, तर जीमेल तो पुसून खात्याचा पत्ता घालतं. 'माहिती ॲट आमचीसंस्था' असं लिहूनही लोकांना तुमचा खाजगी जीमेल का दिसतो, याचं उत्तर हे.

५. पोर्ट ५८७ की ४६५? ईमेल_यूज_टीएलएस की ईमेल_यूज_एसएसएल?

५८७ बरोबर टीएलएस, ४६५ बरोबर एसएसएल. नावं फसवी आहेत, कारण दोन्हीकडे कूटबद्ध करणारा टीएलएसच असतो. पहिल्यात जोडणी उघडी सुरू होते आणि मग कुलूप लागतं, दुसऱ्यात कुलूप लावूनच सुरुवात होते. ५८७ ला एसएसएल लावलंत तर 'राँग व्हर्जन नंबर' अशी एरर येते. ४६५ ला टीएलएस लावलंत तर एररही येत नाही, दोन्ही बाजू एकमेकांच्या बोलण्याची वाट बघत बसतात. दोन्ही ट्रू केलंत तर जँगो स्वतःच व्हॅल्यूएरर देतं.

एक खोड इथेच सांगतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून 'फॉल्स' वाचलं तर ती स्ट्रिंग असते, आणि पायथनला रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच वाटते. म्हणजे तुम्ही बंद केलेलं सेटिंग प्रत्यक्षात चालू असतं.

६. सेंड_मेलने १ परत दिला, एरर नाही, तरी मेल पोचला नाही. हे कसं?

तो १ म्हणजे टपालपेटीत पत्र पडल्याचा आवाज. तुमच्या मेल सर्व्हरने '२५०' हा होकार दिला, मेल ताब्यात घेतला, एवढंच जँगोला कळतं. पुढचा सर्व्हर तो नाकारू शकतो, रांगेत ठेवू शकतो, स्पॅममध्ये टाकू शकतो. यातलं काहीही तुमच्या फंक्शनला कळायला परत येत नाही.

म्हणून शोध घेताना तीन प्रश्न वेगळे ठेवा. आपल्या कोडने मेल बरोबर तयार केला का? ते टेस्ट सांगते (प्रश्न १० पाहा). सर्व्हरने तो घेतला का? त्यासाठी प्रॉडक्शनच्या (लोक खरोखर वापरतात त्या साइटच्या) मशीनवर मॅनेज.पीवाय ला सेंडटेस्टईमेल ही आज्ञा देऊन स्वतःच्या पत्त्यावर मेल पाठवा. तुमचा कोड मधून पूर्ण बाजूला होतो आणि फक्त सेटिंग तपासली जातात. तिसरा, तो इनबॉक्समध्ये पडला का? याचं उत्तर जँगोमध्ये नाहीच, ते मेल सेवेच्या लॉगमध्ये आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत, आहे (प्रश्न ७). लोक तिसऱ्या प्रश्नासाठी पहिल्या जागी दोन दिवस खोदत बसतात. मीही बसलो आहे.

याच संदर्भातल्या दोन बारीक गोष्टी. फेल_सायलेंटली ट्रू करून ठेवलं असेल तर आधी ते काढा, नाहीतर एरर येऊनही तुम्हाला दिसणार नाही. आणि एकाच मेलला तीन पत्ते असून त्यातला एकच सर्व्हरने जागच्या जागी नाकारला, तर जँगो तक्रार करत नाही, १ च देतं. सगळे नाकारले तरच अपवाद येतो.

परत आलेले मेल सेंड_मेलमध्ये पाठवणारा म्हणून दिलेल्या पत्त्यावर जातात. तिथे 'नोरिप्लाय' लिहिलं असेल आणि तशी पेटीच अस्तित्वात नसेल, तर नकाराची चिठ्ठीही हरवली.

७. मेल जातो, पण स्पॅममध्ये. मजकूर बदलू का?

मजकुराकडे शेवटी या. आधी डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी बघा. एसपीएफ सांगतो की या डोमेनच्या वतीने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकिम मेलवर सही करतं. आणि डीमार्क सांगतं की हे जुळलं नाही तर काय करायचं.

तपासायचं कसं? स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवा, तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्याच तक्त्यात तिन्ही नावांपुढे 'पास' आहे की 'फेल' ते लिहिलेलं असतं. एका मिनिटाचं काम आहे, तरी फार थोडे लोक ते करतात.

नेहमी दिसणारी चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी: एक जुन्या होस्टिंगवाल्याने टाकलेली, एक नव्या मेल सेवेची. एसपीएफची नोंद एकच असावी लागते, दोन असल्या की दोन्ही बाद. त्या एका नोंदीतही डीएनएसची १० च्या वर शोधाशोध चालत नाही.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने मोठ्या पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास मेल जात असतील तर तिन्ही नोंदी लागतात, आणि जाहिरातवजा मेलला एका क्लिकमध्ये नाव कमी करायची सोयही. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या असतात. तुम्ही एवढे मेल पाठवत नसाल तरी नोंदी करून टाका.

८. फॉर्म सबमिट केला की पान फिरत राहतं आणि शेवटी ५०२ येतं. मेल काढला की सगळं ठीक. का?

ईमेल_टाइमआउट हे सेटिंग मुळात नन आहे, म्हणजे जँगो स्वतः वेळेची मर्यादा घालत नाही. समोरचा सर्व्हर गप्प राहिला तर तुमचा व्ह्यू तिथेच उभा. गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) ३० सेकंदांनी वर्करलाच मारतो, आणि माणसाला ५०२ दिसतं. गप्प राहण्याचं नेहमीचं कारण बंद पोर्ट हे असतं. गूगल क्लाउडवर बाहेर जाणारं २५ नंबर पोर्ट अडवलेलं असतं, ॲमेझॉनच्या ईसीटू वरही सुरुवातीला निर्बंध असतो. ५८७ वापरा आणि टाइमआउट दहा सेकंद ठेवा.

खरा उपाय मात्र मेल विनंतीच्या बाहेर काढणं हाच: सेलरी किंवा तशीच रांग, जिच्यातली कामं वेगळा वर्कर मागून करतो. तिथे एक फट आहे. डेटाबेसमधला व्यवहार (ट्रान्झॅक्शन) पूर्ण होण्याआधीच काम रांगेत टाकलंत, तर वर्कर डेटाबेसमध्ये ती ऑर्डर शोधतो आणि ती अजून तिथे नसते. त्याहून वाईट म्हणजे व्यवहार फसतो आणि 'तुमची ऑर्डर मिळाली' हा मेल मात्र गेलेला असतो. म्हणून ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिट मधून पाठवा. त्याचा टेस्टवर होणारा परिणाम प्रश्न ११ मध्ये आहे.

९. टेस्ट चालवताना खऱ्या लोकांना मेल जातील का?

जाणार नाहीत. सेटिंगमध्ये काहीही असलं तरी जँगोचा टेस्ट रनर ईमेल_बॅकएंड बदलून मेमरीतला बॅकएंड लावतो आणि मेल मेल.आउटबॉक्स या यादीत जमा होतात. पायटेस्ट-जँगोही तेच करतं.

पळवाट एकच, पण खरी आहे. कोडमध्ये कुठे गेट_कनेक्शन ला एसएमटीपी बॅकएंडचं (खऱ्या मेल सर्व्हरकडे पाठवणाऱ्या बॅकएंडचं) नाव हाताने दिलं असेल, किंवा मेल सेवेच्या एपीआयला थेट हाक मारली असेल, तर रनरचा बदल तिथे लागू होत नाही. अशा ठिकाणी टेस्टमधूनही मेल बाहेर पडतो. नाव न देता गेट_कनेक्शन वापरा. आणि टेस्टमधले पत्ते नेहमी एक्झाम्पल.कॉम चेच ठेवा. हे डोमेन अशाच कामासाठी १९९९ पासून राखून ठेवलेलं आहे. मनाला येईल तो जीमेल पत्ता ठोकून देऊ नका, तो कुणाचा तरी असतो.

१०. टेस्टमध्ये नेमकं काय तपासायचं?

यादीची लांबी १ आहे, एवढ्यावर बरेच जण थांबतात. ती टेस्ट चुकीच्या माणसाला गेलेल्या मेललाही पास करते.

पत्ता तपासा. टू बरोबर रिसिपियंट्स() ही मेथडही बघा, कारण तिच्यात सीसी आणि बीसीसी धरून सगळे येतात. मजकुरातली लिंक रेग्युलर एक्स्प्रेशनने बाहेर काढा आणि टेस्ट क्लायंटने ती उघडून २०० येतो का ते बघा. माझ्या मते मेलच्या टेस्टमध्ये सगळ्यात मोलाची ओळ ही, कारण वाचणारा शेवटी मेलमध्ये तेवढंच करतो. एचटीएमएल आवृत्ती अल्टरनेटिव्ह्ज मध्ये असते. तिच्यात आणि साध्या मजकुरात रक्कम एकच आहे ना, हे पडताळा. दोन टेम्प्लेटपैकी एकच बदललं गेलं, असं हमखास होतं. उलटी टेस्टही लिहा: फॉर्म चुकीचा भरला तर यादी रिकामीच राहते का?

शब्दन् शब्द जुळवू नका. कुणी स्वल्पविराम हलवला तरी टेस्ट लाल होईल, आणि मग लोक न बघताच ती हिरवी करायला शिकतात.

११. मेल.आउटबॉक्स रिकामंच येतं. मेल तर पाठवला जातोय!

चार संशयित आहेत. पहिला, इम्पोर्ट. प्रत्येक टेस्टच्या आधी जँगो मेल.आउटबॉक्स ला नवी कोरी यादी देतं. तुम्ही थेट आउटबॉक्स हेच नाव इम्पोर्ट केलं असेल तर तुमच्या हातात जुनी यादी राहते, मेल नव्या यादीत पडतात. मेल हे मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि दर वेळी मेल.आउटबॉक्स असं पूर्ण लिहा.

दुसरा, ऑन_कमिट. टेस्टकेस प्रत्येक टेस्टला एका व्यवहारात गुंडाळतो आणि शेवटी तो मागे घेतो. कमिट कधी होतच नाही, मग मेल कसा जाणार? जँगो ३.२ पासून कॅप्चरऑनकमिटकॉलबॅक्स आहे. त्याला एक्झिक्यूट ट्रू देऊन त्याच्या आत विनंती करा.

तिसरा, सेलरी. वर्कर वेगळ्या प्रोसेसमध्ये असेल तर त्याची मेमरी वेगळी, यादीही वेगळी. टेस्टपुरतं टास्क_ऑलवेज_ईगर चालू करा. चौथा संशयित प्रश्न १३ मध्ये भेटेल.

१२. पासवर्ड रीसेटच्या मेलमध्ये लिंक एक्झाम्पल.कॉम ची येते. ती कुठून आली?

साइट्स हे ॲप बसवलेलं असलं की जँगो डोमेन डेटाबेसमधून घेतं, आणि तिथे सुरुवातीला तेच लिहिलेलं असतं. ॲडमिनमध्ये जाऊन बदला. हे ॲप लागत नसेल तर काढा, मग विनंतीतलं होस्टनाव वापरलं जाईल. अशा वेळी अलाउड_होस्ट्स मध्ये तारांकन ठेवू नका, नाहीतर बाहेरचा माणूस आपल्या डोमेनची लिंक तुमच्या मेलमधून पाठवू शकतो.

१३. रीसेटचा मेल काहींना येतो, काहींना नाही. पान मात्र सगळ्यांना 'मेल पाठवला' म्हणतं.

हे मुद्दाम तसं आहे. पत्ता नोंदलेलाच नसेल, खातं निष्क्रिय असेल किंवा त्याला वापरण्याजोगा पासवर्डच नसेल (गूगल लॉगिनने आलेल्यांचा बहुधा नसतो), तर जँगो गुपचूप काहीच पाठवत नाही. पान वेगळं उत्तर देऊ लागलं तर कुणाचं खातं आहे आणि कुणाचं नाही हे कुणालाही हुडकता येईल. टेस्टमध्ये पासवर्डशिवाय बनवलेला वापरकर्ताही याच कारणाने मेलला मुकतो.

सप्टेंबर २०२४ च्या सुरक्षा सुधारणेनंतर (५.१.१, ५.०.९ आणि ४.२.१६) आणखी एक बदल झाला. हा मेल पाठवताना आलेली एररही आता पानावर दिसत नाही, ती जँगो.कॉन्ट्रिब.ऑथ या लॉगरकडे जाते. अपग्रेडनंतर रीसेट 'शांतपणे' बंद पडला असेल तर तिथे बघा.

१४. साध्या मजकुरात 'आणि'च्या चिन्हाऐवजी ॲम्पर्सँडची लांबलचक खूण दिसते. विषयावर तर एररच येते.

रेंडर_टू_स्ट्रिंग टेम्प्लेटच्या नावात टीएक्सटी आहे म्हणून सोडत नाही, तिथेही एचटीएमएलसारखं एस्केप करतं. मजकुराच्या टेम्प्लेटला ऑटोएस्केप ऑफ मध्ये घाला. एचटीएमएलच्या टेम्प्लेटला मात्र कधीही नाही.

विषयाची एरर टेम्प्लेटच्या शेवटी एडिटरने घातलेल्या नव्या ओळीमुळे येते. हेडरमध्ये नवी ओळ जँगो चालू देत नाही, कारण त्याच वाटेने संपर्क फॉर्ममधून कुणी स्वतःचा बीसीसी घुसवू शकतो. स्वतःचं टेम्प्लेट असेल तर ओळी जोडून घ्या. वापरकर्त्याकडून आलेला विषय असेल तर व्हॅल्यूएरर पकडून फॉर्म परत दाखवा.

१५. सोसायटीच्या पन्नास सभासदांना एकच सूचना पाठवली आणि सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसले. आता?

गेलेले परत येत नाहीत. पुढच्या वेळी सेंड_मास_मेल वापरा. त्याला प्रत्येक सभासदाची वेगळी नोंद द्या, म्हणजे प्रत्येकाला वेगळा मेल जातो आणि जोडणी एकदाच उघडते. ईमेलमेसेज मध्ये बीसीसी देणंही शक्य आहे, पण वेगळा मेल बरा. त्यात नाव घालता येतं आणि एक पत्ता चुकला तर नेमका कोणता ते कळतं.

१६. स्टेजिंगवरून खऱ्या ग्राहकांना मेल जाऊ नयेत म्हणून काय करावं?

हे माझ्याच हातून झालं आहे. एक बग शोधायला प्रॉडक्शनचा डेटाबेस स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या साइटवर, उतरवला आणि रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बंद करायला विसरलो. त्या क्रॉनने थकबाकीची स्मरणपत्रं पाठवली, कॉपी घेतली त्या दिवसाच्या आकड्यांनिशी. सकाळी फोन सुरू झाले: 'अहो, मंगळवारी भरले ना पैसे!' पावती हातात धरून बोलणाऱ्या माणसाला स्टेजिंग म्हणजे काय हे समजावता येत नाही.

तेव्हापासून स्टेजिंगला स्वतःचा बॅकएंड लिहितो. एसएमटीपीच्या ईमेलबॅकएंड वरून क्लास काढायचा, सेंड_मेसेजेस मध्ये टू, सीसी, बीसीसी पुसून टीमचा एक पत्ता घालायचा आणि मूळ पत्ता विषयाच्या पुढे जोडायचा. दहा ओळीही लागत नाहीत. डेटाबेस उतरवणारी स्क्रिप्टच सगळे पत्ते एक्झाम्पल.कॉम चे करते. आणि सेटिंगमध्ये उलटा नियम आहे: वातावरण 'प्रॉडक्शन' किंवा 'स्टेजिंग' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर बॅकएंड कन्सोलचाच.

१७. साइट मराठीत आहे, पण रांगेतून जाणारे मेल इंग्रजीत जातात.

भाषा विनंतीला चिकटलेली असते, आणि वर्करमध्ये विनंतीच नसते. तिथे सेटिंगमधला लँग्वेज_कोड लागू होतो. वापरकर्त्याची भाषा त्याच्या नोंदीत साठवा आणि मेल बनवताना ट्रान्सलेशन.ओव्हरराइड च्या आत बनवा. विषय आणि दोन्ही मजकूर त्याच्या आतच तयार व्हायला हवेत. विषय बाहेर राहिला तर वर इंग्रजी, खाली मराठी असा मेल जातो.

१८. खातं सुरू करायची लिंक 'आधीच वापरली आहे' म्हणते, आणि माणूस म्हणतो मी ती उघडलीच नाही.

माणूस खरं बोलतो आहे. अनेक कार्यालयांच्या मेल व्यवस्थेत सुरक्षा तपासणारा प्रोग्राम मेलमधल्या लिंक आधी स्वतः उघडून बघतो. तुमचा व्ह्यू नुसत्या गेट विनंतीवर (लिंक उघडल्याबरोबर) खातं सुरू करत असेल तर लिंक त्या प्रोग्रामने खर्च केली. जँगोच्या स्वतःच्या पासवर्ड रीसेटमध्ये हे होत नाही, कारण तिथे गेटने फक्त फॉर्म उघडतो आणि नवा पासवर्ड पोस्ट झाल्यावरच लिंक बाद होते. तुमच्या पानावरही 'खातं सुरू करा' असं बटण ठेवा आणि काम पोस्टवर करा. टेस्ट लिहिताना ती लिंक दोनदा गेटने उघडा, मग पोस्ट करा, आणि खातं सुरू झालं का ते बघा.